दहा फुटी स्लॅबखाली गाडीची लिफ्ट: छत मोजून झालं की फरशी फोडून बघा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या बेसा भागात स्वतःचं घर आहे. तळमजल्यावर बंद गॅरेज, १४ फूट रुंद आणि २० फूट लांब. फरशीपासून स्लॅब १० फुटांवर, पण बरोबर मधून एक आडवा बीम गेलाय आणि तो स्लॅबच्या खाली ९ इंच उतरतो. गाड्या दोन, स्विफ्ट आणि थार. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन ही कामं घरीच करायची आहेत, जमलं तर क्लचही. एक विक्रेता म्हणतो टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट, आरामात बसेल. दुसरा म्हणतो दहा फुटांत टू-पोस्टचं नावच काढू नका, सिझर घ्या, म्हणजे कात्रीसारखी उघडून खालून उचलणारी. ऐकायचं कोणाचं?

दोघांनीही वर बघून उत्तर दिलंय. विदर्भात गॅरेजच्या लिफ्ट बसवणं आणि बिघडलेल्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, आणि मी घरात शिरलो की आधी खाली बघतो. नागपुरात घरगुती लिफ्टचं गणित छतापेक्षा जमिनीवर जास्त अडतं. तरी तुम्ही उंचीचं विचारलंय, तर आधी ते उरकू.

टेप घ्या आणि फरशीपासून स्लॅबपर्यंत नाही, तर फरशीपासून सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मोजा. बीम तुम्ही सांगितलाच. पंखा आहे का? ट्यूबलाइट, कंड्यूट पाइप, वरच्या बाथरूमचा ड्रेनेज पाइप? शटर असेल तर त्याचा गुंडाळलेला ड्रम आतल्या बाजूला फूटभर जागा खातो, ती कोणाच्या लक्षात राहत नाही. पंखा तर सरळ काढून भिंतीवर लावा. आणि हे माप गॅरेजच्या चारही कोपऱ्यांत घ्या. आपल्याकडे गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून मिस्त्री फरशीला फाटकाकडे उतार देतो. वीस फुटांत दोन इंच उतार सहज असतो. पुढच्या आणि मागच्या मापात जो फरक येईल तो तुमचा उतार. लिफ्टच्या पायाखाली पातळ पट्ट्या सरकवून थोडा फरक भरता येतो, दोन इंच नाही.

आता हिशेब. १० फूट म्हणजे ३०५० मिमी धरा. स्विफ्टची उंची साधारण १५३० मिमी. दाराखालचा जो पट्टा जॅक लावायला दिलेला असतो तो जमिनीपासून २०० मिमीच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा तुम्ही मोजून घ्या. म्हणजे पॅडच्या (लिफ्टचा जो भाग गाडीला खालून टेकतो त्याच्या) वर गाडी उरते १३३० मिमी. स्लॅबखाली हातभर नाही तरी १०० मिमी हवा सोडायची. ३०५० मधून १०० आणि १३३० वजा केले की उरतात १६२० मिमी, म्हणजे सव्वापाच फुटांच्या थोडं वर. पॅड यापेक्षा वर जाऊ शकत नाही. थारची उंची १८४० च्या घरात आहे. तिला पॅड लावायचा तो चॅसीच्या रेलला, दाराखाली नाही. रेल ३५० मिमीवर धरली तर पॅड साधारण १४६० पर्यंत जाईल.

या आकड्यांत लिफ्टचा प्रकार कुठे आलाच नाही, हे लक्षात घ्या. गाडीचं टप ते पोट हे अंतर ठरलेलं असतं. टू-पोस्ट लावा, चार खांबांची फोर-पोस्ट लावा, सिझर लावा, त्याच स्लॅबखाली गाडीचं पोट त्याच उंचीपर्यंत जाऊ शकतं, त्याहून वर नाही. विक्रेता जेव्हा म्हणतो, “आमच्या लिफ्टमध्ये जास्त उंची मिळते,” तेव्हा तो छत काढायला येणार आहे का, एवढंच विचारा.

बीमचं काय? बीमच्या खाली २८२० मिमीच उरतात. पण पूर्ण गाडी १५३० मिमी उंच नसते, फक्त टप असतं. बॉनेट त्याहून दीड-पावणेदोन फूट खाली असतं. म्हणून गाडी आत घेताना रिव्हर्स घ्या. मागचा बंपर आतल्या भिंतीपासून दीड-दोन फुटांवर ठेवला तर स्विफ्टचं टप बीमच्या अलीकडेच संपतं आणि बीम काच-बॉनेटच्या वर येतो. शिवाय शटरकडे पाच-सहा फूट मोकळे राहतात, तिथे टूलची पेटी आणि तुमचं टेबल. थारचं टप लांब आणि चौकोनी आहे, तिला इंचाइंचाचा हिशेब करावा लागेल. गाडी त्या जागी लावा, टपाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा लावून फरशीवर खडूने खूण करा, बीमचीही खूण करा. दोन खुणांमध्ये चार बोटं तरी अंतर हवं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कोणी विचारत नाही. १६२० मिमी ही उंची कामाची आहे का? पाच फूट सात इंचाचा माणूस त्या उंचीखाली उभा राहू शकत नाही. मान वाकडी करून, गुडघे मोडून उभं राहावं लागतं. अर्धा तास तसं काम करून बघा, दुसऱ्या दिवशी पाठ बोलेल. याउलट पोट १३५०-१४०० मिमीवर ठेवून चाकं लावलेल्या बुटक्या स्टुलावर बसलात तर डोकं साधारण १२००-१२५० मिमीवर येतं, हात सरळ वर जातात आणि तासन्तास काम होतं. माझ्या मते दहा फुटी गॅरेजमध्ये शेवटच्या आठ इंचांसाठी भांडणं हा वेळेचा अपव्यय आहे. बसून काम करायचं एकदा ठरवलं की तुमची उंची पुरेशी आहे. स्टूल मात्र चांगलं घ्या.

म्हणजे प्रश्न उरला प्रकाराचा, आणि तो जमिनीवर अवलंबून आहे.

टू-पोस्टमध्ये दोन जाती असतात. एकीत दोन खांबांना जोडणारा आडवा दांडा वर असतो, ती साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून उंच. तुमच्याकडे विषयच नाही. दुसरी बेस प्लेटची: केबल आणि होज जमिनीवरच्या चपट्या पत्र्याखालून जातात, खांब २.८ मीटरच्या आसपास. ही तुमच्या स्लॅबखाली बसते. पण खांब आडवा येतो आणि उभा करावा लागतो. खांबाचा तळ अर्धा मीटर रुंद असेल तर उभा करताना त्याचा वरचा कोपरा २८४० मिमीच्याही वर जातो. बीमखाली २८२० आहेत. म्हणजे बीमखाली तो उभा राहील, पण उभा करता येणार नाही. खांब बीमच्या आतल्या बाजूला यायला हवेत आणि उचलतानाही बीमपासून दूर उचलावे लागतील. गाडी रिव्हर्स घेतली तर खांबांची जागा तशीही बीमच्या आतच पडते, पण बसवणाऱ्याला हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारा. रुंदीचं म्हणाल तर अशा लिफ्टला साधारण ३.४ मीटर लागतात. तुमच्याकडे ४.२ आहेत. एका बाजूला पॉवर पॅक (मोटर आणि पंप) लोंबतो, ती बाजू थोडी मोकळी ठेवा.

फोर-पोस्ट तुमच्यासाठी नाही. तिच्यावर गाडी चाकांवर उभी राहते, म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनसाठी पुन्हा वेगळा जॅक लावून चाकं उचलायची. वर गाडी आणि खाली दुसरी गाडी लावायचा विचार असेल तर तोही सोडा: दोन स्विफ्टच्या उंचीतच ३ मीटर संपतात.

मिड-राइज सिझर साधारण १ ते १.२ मीटर उचलते, मिटवली की जमिनीपासून शंभर-सव्वाशे मिमी राहते. चाकं, ब्रेक, शॉकअप, ऑइल यांना ती झकास. दोष एकच, तिचं स्वतःचं धड गाडीच्या पोटाखाली मधोमध असतं. गिअरबॉक्स, सायलेन्सरचा पाइप, थारचा ट्रान्सफर केस यांच्याकडे हात जात नाही. क्लच तिच्यावर करायचा म्हटलं तर रोज शिव्या घालाल. तिसरा पर्याय दोन सुट्या चौकटींचा, ज्या गाडीच्या दोन बाजूंना सरकवून जेमतेम अर्धा मीटर उचलतात. झोपून काम, पण घोड्या लावून जॅकवर करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, आणि काम झालं की भिंतीला उभ्या.

आता जमीन. थारचं वजन साधारण पावणेदोन टन. टू-पोस्टवर प्रत्येक खांबावर पावणेनऊशे किलो येतं, आणि ते खांबाच्या डोक्यावर नाही तर लिफ्टच्या आडव्या हातांच्या टोकाला, खांबापासून जवळपास मीटरभर आत. म्हणजे दोन्ही खांब सतत एकमेकांकडे झुकायला बघतात आणि मागच्या अँकर बोल्टना जमिनीतून उपटायला बघतात. लोक समजतात वजन खाली दाबतं. टू-पोस्टमध्ये ते उपटतं. सिझरमध्ये आणि चौकटींमध्ये वजन खरोखर फक्त खाली दाबतं आणि मोठ्या पायावर पसरतं. म्हणून जी फरशी सिझरला चालते तीच टू-पोस्टला जीवघेणी ठरू शकते.

तुमच्या फरशीखाली काय असेल याचा अंदाज मी न बघता सांगतो. वर टाइल, तिच्याखाली मसाला, मग तीन-चार इंच पीसीसी (लोखंड नसलेलं साधं काँक्रीट), मग मुरूम भराव, आणि त्याच्याखाली आपली काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून एवढ्या भेगा पाडते की त्यात हात जातो. बेसा-मनीषनगरकडे कंपाउंडच्या भिंती तिरक्या झालेल्या, पोर्चची फरशी भिंतीपासून सुटलेली तुम्ही रोज बघता, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. घर कॉलमवर उभं असतं म्हणून वाचतं. गॅरेजची फरशी कशावरच उभी नसते, ती मातीवर तरंगते. तिच्यात बोल्ट ठोकून टू-पोस्ट उभी केली तर दोन पावसाळ्यांत एक खांब ओळंब्यातून जाऊ शकतो.

तपासायचं कसं? एका कोपऱ्यातली टाइल काढा आणि ड्रिलने सोळा मिमीचं भोक पाडत जा. काँक्रीटचा भुसा राखाडी येतो, मुरूम लागला की रंग बदलतो आणि ड्रिल एकदम आत जातं. तिथे तार घालून जाडी मोजा. चार इंच निघाले तर टू-पोस्टसाठी ही फरशी नाही असं समजा, कोणी कितीही केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचे बोल्ट) विकू दे. टाइलवर बोल्ट मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

त्याआधी अजून एक. तुमची पाण्याची अंडरग्राउंड टाकी कुठे आहे? सेप्टिक टँक? आपल्याकडे बिल्डर ही दोन्ही पार्किंगखालीच दडवतो, झाकणावर टाइल बसवून मोकळा होतो. नकाशात नसेल तर ज्या मिस्त्रीने बांधलं त्याला शोधा. टाकीच्या स्लॅबवर लिफ्ट नको, सिझरसुद्धा नको. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची गाडी फ्लॅटच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) असेल तर त्यांनी इथेच थांबावं. तिथली जमीन तुमच्या मालकीची नाही आणि बीमखाली उंचीही नसते. सुट्या चौकटी घ्या, सोसायटीला विचारा, बस.

टू-पोस्टच हवी असेल तर नवीन पाया घालावा लागेल, आणि इथे पैसे वाचवू नका. दोन खांबांखाली दोन वेगवेगळे ठोकळे ओतू नका. माती फुगली की एक ठोकळा वर येतो आणि दुसरा जागेवर राहतो, मग लिफ्ट वाकडी. दोन्ही खांबांखालून जाणारा एकच सलग आरसीसी पट्टा करा. त्याखालची काळी माती काढून मुरूम थरा-थराने पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. किती खोल काढायची, पट्टा किती जाड, लोखंड किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. लिफ्टच्या कंपनीचा फाउंडेशन नकाशा त्याच्यासमोर ठेवा. मी साधारणपणे एम-२५ काँक्रीट, फूटभर जाडी आणि वर-खाली दोन्ही जाळ्या बघतो तेव्हा निश्चिंत असतो. पट्टा घराच्या कॉलमला किंवा प्लिंथ बीमला चिकटवू नका, मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवा म्हणजे तो हलला तरी घराला ओढणार नाही. आणि २८ दिवस. सात दिवसांत फरशी कडक दिसते, पण बोल्ट ताणला की भोकाच्या कडेने तडा जातो. एप्रिल-मेमध्ये ओतत असाल तर संध्याकाळी ओता आणि गोणपाट सतत ओलं ठेवा. आपल्या उन्हात काँक्रीटचं पाणी उडून जायला वेळ लागत नाही.

बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या आकड्याला. महिन्याभराने पुन्हा तपासायचे. खांबाचा ओळंबा वर्षातून दोनदा बघा: एकदा मेच्या शेवटी माती पूर्ण सुकलेली असताना आणि एकदा ऑगस्टमध्ये ती पूर्ण फुगलेली असताना. हे दोन आकडे भिंतीवरच लिहून ठेवा.

विजेचं पटकन सांगतो. या लिफ्टना बहुतेक २.२ किलोवॅटची मोटर असते, थ्री फेज किंवा सिंगल फेज. घरचं कनेक्शन सिंगल फेज असेल तर ऑर्डरमध्ये तसं स्पष्ट लिहा. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढते, त्यामुळे वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार एकदा बघून घ्या. मे महिन्यात सगळ्या गल्लीचे कूलर-एसी सुरू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटर नुसती गुरगुरते; तशी दाबून धरू नका. लिफ्टमध्ये हायड्रॉलिक ऑइल तिची कंपनी सांगेल तेच, पण ३२ आणि ४६ अशा दोन ग्रेडची मुभा असेल तर नागपूरला ४६, म्हणजे जरा घट्ट, घाला. २०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, पातळ ऑइलला त्या गरमीत दाब धरवत नाही.

लाइट गेली तर गाडी खाली येते का? इथे बरेच जण फसतात. गाडी खाली येते ती स्वतःच्या वजनाने, त्याला वीज लागत नाही. पण गाडी लॉकवर (खांबातल्या लोखंडी अडकणीवर) बसलेली असेल, आणि ती तशीच बसवायची असते, तर लॉक सोडवायला आधी तिला थोडी वर उचलावी लागते. त्याला मोटर लागते. म्हणजे लाइट येईपर्यंत थार हवेत. घ्यायच्या वेळीच हातपंपाची सोय आहे का ते विचारा.

लॉकवरून आठवलं, तुमची खरी उंची लॉक ठरवतो. पॅड १६२० पर्यंत जात असला तरी लॉक टप्प्याटप्प्याने असतात. एक लॉक १५५० ला आणि पुढचा १६५० ला असेल तर तुम्ही १५५० वरच थांबणार. आणि लॉकवर बसवायला आधी त्याच्या थोडं वर जावं लागतं, ती जागाही धरा. कंपनीकडून लॉकच्या उंच्या लिहून घ्या. विक्रेत्याला हा प्रश्न आला नाही तर समजायचं की त्याने फक्त कॅटलॉग वाचलाय.

कमी उंचीच्या टू-पोस्टला वर आडवा दांडा नसतो, त्यामुळे गाडी छताला लागण्याआधी मोटर आपोआप बंद करणारी पट्टीही नसते. ती तुम्ही करून घ्या. टप जिथे येतं तिथे स्लॅबपासून चार-पाच इंच खाली एक हलका पीव्हीसी पाइप लिमिट स्विचला लटकवायचा. टप टेकलं की मोटर बंद. शिवाय खांबावर दोन रंगांत दोन रेघा, एक स्विफ्टची आणि एक थारची. गाडी वर असताना बॉनेट किंवा डिकी उघडू नका, हेही घरच्यांना सांगून ठेवा. गाडी सीएनजी असेल तर अजून एक: सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर स्लॅबखालीच साठतो, आणि तिथेच तुमचा दिवा आणि स्विच. शटर उघडं ठेवूनच काम करा.

हिंगण्यात कोणी ओळखीचा फॅब्रिकेटर “अर्ध्या किमतीत लिफ्ट बनवून देतो” म्हणाला तर नाही म्हणा. चॅनल वेल्ड करणं त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं, पण दोन खांब एकाच वेळी वर नेणाऱ्या केबल आणि आपोआप पडणारे लॉक हे वेल्डिंगचं काम नाही. ईएन १४९३ चं, म्हणजे गाड्यांच्या लिफ्टसाठीच्या युरोपियन मानकाचं, प्रमाणपत्र मागा. जुनी घेत असाल तर हेच दोन भाग आधी बघा, रंग नंतर.

तर तुमच्यासाठी. भोक पाडून फरशी चार-पाच इंच आणि खाली काळी माती निघाली, आणि पाया खोदायची तयारी नसेल, तर मिड-राइज सिझर घ्या आणि क्लचचं काम बाहेर द्या. वर्षातून किती वेळा क्लच उतरवणार आहात? फक्त तिचे पॅड थारच्या चॅसीपर्यंत पोचतात का, ते गाडी नेऊन प्रत्यक्ष बघा. पाया नवीन करायची तयारी असेल, टाकी वाटेत नसेल, तर बेस प्लेटची टू-पोस्ट, चार टनाची, थारच्या चॅसीपर्यंत पोचायला पॅडला लावायच्या उंच अडॅप्टरसकट. ऑर्डर पाया ओतल्यावर द्या, आधी नाही. खोदल्यावर काय निघेल सांगता येत नाही. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी, वाहतूक, बसवणी आणि पहिल्या वर्षाची तपासणी वेगवेगळी लिहून मागा.

आणि पहिल्यांदा गाडी उचलाल तेव्हा चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबा, बंपर धरून जोरात हलवा. पॅड सरकला तर तिथेच कळेल. खाली घेतानाही आधी वाकून बघा: उन्हाळ्यात गल्लीतली कुत्री थंड फरशी शोधत नेमकी गाडीखालीच येऊन झोपतात.